ताईचा डावा डोळा

ताईचा उजवा डोळा काढावा लागला, तेव्हा त्याच्या जागी बसवायचा नकली डोळा मीच करणार हे घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं. सगळ्यांनी म्हणजे ताईने आणि मी. घरात आम्ही दोघंच. ताई माझ्याहून मोठी. नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली. मी लग्न केलं नाही. ‘केलं नाही’ हे माझं म्हणणं. ताई म्हणते, "विचारायला तोंड उघडावं लागतं, घुम्या."

घुम्या हे तिने मला लहानपणी दिलेलं नाव. केस पिकले तरी ते सुटलं नाही.

नकली डोळे करणं हाच माझा व्यवसाय. कुणाचा डोळा अपघातात जातो, कुणाचा आजारात. ताईच्या डोळ्यात गाठ झाली होती. रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून टणक प्लास्टिकची शिंपल्यासारखी वाकलेली कवची करायची आणि त्यावर बुबुळ रंगवायचं. पांढऱ्या भागात शिरा दिसाव्या लागतात, नाहीतर डोळा खेळण्यातला वाटतो. त्यासाठी लाल रेशमाचे केसाहून बारीक तंतू चिकटवायचे आणि वरून पारदर्शक थर द्यायचा. हे रेशीम मी ताईच्या डब्यातून घेतो. ताई रफूचं काम करते. कोट, शाली, कुणाचा आवडता स्वेटर. तिने बुजवलेलं भोक कुठे होतं हे ज्याचं कापड त्यालाही सापडत नाही.

माझं काम माझ्यासारख्याला बरं. समोरच्याच्या डोळ्यात बराच वेळ बघावं लागतं, पण भिंगातून, आणि भिंग असलं की मला लाज वाटत नाही. भिंग उतरवलं की मी पुन्हा टेबलाकडे बघून बोलतो.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांचा एक दंडक होता. डोळा कधी आठवणीतून रंगवायचा नाही. समोर जो चांगला डोळा आहे तोच उतरवायचा, त्याच्या पिवळेपणासकट. ताईच्या बाबतीत माझ्याकडून तो मोडला गेला. तिला खिडकीशी बसवून डाव्या डोळ्यात बघितलं, तर मोतीबिंदूने बाहुलीवर साय धरलेली, बुबुळाच्या कडेला म्हातारपणाचं करडं वळं पडलेलं. मी बघत होतो त्या डोळ्याकडे आणि हात मात्र तिचा तरुणपणचा डोळा काढत गेला. मधासारखा तपकिरी, कडा रेखीव. बाहुली नेहमीप्रमाणे बेताची ठेवली, फार मोठी नाही, फार बारीक नाही. रंगवलेली बाहुली उजेडाप्रमाणे हलत नाही, म्हणून मधला मार्ग. नाकाकडचा पांढरा भाग फार मोकळा वाटला, तेव्हा तिथे एक शीर मी आपल्या मनाने घातली, टोकाला बेचकीसारखा फाटा फुटलेली. खऱ्या डोळ्यात तशी शीर नव्हती.

डोळा बसवल्यावर ताईने आरसा घेतला.

"हा कोणाचा?"

"तुझाच."

"हा माझ्या लग्नाच्या फोटोतला आहे. एका बाजूने नवरी, एका बाजूने आजी. लोकांनी बोलायचं कोणाशी?"

"दुसरा करून देतो."

"राहू दे," ती म्हणाली, आणि आरसा काही लवकर खाली ठेवला नाही.

तेव्हा आम्हाला काळजी होती ती डाव्या डोळ्याची. डॉक्टरीणबाई मोतीबिंदू काढायला कचरत होत्या. "एकच उरलाय, मावशी. थोडं थांबू, लक्ष ठेवू." ताईला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ती मला ओवून मागायची, आणि मागताना तिचा आवाज जरा चढा असायचा.

"हा गेला तर रफू गेलं," ती म्हणायची. "आणि रफू गेलं तर मी दिवसभर रिकामी बसून तुझं डोकं खाईन. बघ बाबा."

मग एका सकाळी मी सुई ओवून द्यायला तिच्या खोलीत गेलो, तर ती खिडकीत बसून स्वतःच दोरा ओवत होती. एका फटक्यात. पुन्हा काढून पुन्हा ओवला, मला दाखवायला.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर हनुवटी ठेवायला लावून कितीतरी वेळ तपासलं. साय विरत चालली होती. कडेचं करडं वळंही फिकटलं होतं.

"मोतीबिंदू असा विरघळत नाही, मावशी."

"मग हा काय माझ्या धाकाने गेला?"

बाई हसल्या, पण पुरत्या नाहीत. "मला नाही सांगता येत. तसं तर जखम भरते कशी हेही मला कुठे पुरतं सांगता येतं? मी टाके घालून घरी जाते. भरून आणणारं आत वेगळंच कुणी असतं."

गल्लीत बातमी पसरली. वरच्या मजल्यावरच्या काकू मुद्दाम खाली आल्या. "मलाही एक डोळा बसवून द्या हो. माझे दोन्ही चांगले आहेत, पण म्हणून काय झालं?" ताई खुशीत होती. लोकांची साठलेली कामं तिने भराभर उरकली. काम करताना ती गुणगुणायची, आणि पलीकडच्या खोलीत मी पुस्तक मिटून ते ऐकायचो.

नकली डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर साचतो, म्हणून तो अधूनमधून काढून घासावा लागतो. असाच एकदा मी ताईचा डोळा घासायला घेतला आणि रंग जुळतोय का म्हणून भिंग लावून डाव्या डोळ्यात बघितलं. रंग जुळत होता. मी केलेलाच मधाचा रंग तिथे होता. मग नाकाकडच्या बाजूला मला एक शीर दिसली, टोकाला बेचकी असलेली.

हातातल्या कवचीकडे बघितलं. पुन्हा डोळ्याकडे. आरशात दिसावी तशी, उलट बाजूने, पण तीच. शिरा कुणालाही फुटतात, म्हातारपणी जास्तच, असं मी स्वतःला समजावलं आणि भिंग आणखी जवळ नेलं. रेशमाच्या तंतूला पीळ असतो. रक्ताच्या शिरेला नसतो. या शिरेला पीळ होता.

"काय रे? श्वास का रोखलास?"

"काही नाही. घासतोय."

मी तिला सांगितलं नाही. हल्ली माझ्या नजरेवर माझा पुरता भरवसा नव्हता, आणि अशी गोष्ट बोलून हसं करून घेण्यापेक्षा गप्प राहणं मला केव्हाही सोपं जातं. पण दुसऱ्या दिवशी काम करताना ब्रश एकसारखा पाण्यात बुडवत बसलो होतो, रंग न घेताच.

पुढच्या आठवड्यात ताई कुरकुरायला लागली. बाहेर ऊन सोसत नाही, घरात आलं की अंधारतं. "दुकानात गेले तर सगळं पांढरंफटक, जिन्यात आले तर पायरी दिसेना. असं कधी असतं का?" मी विजेरी आणली. डाव्या डोळ्यावर उजेड टाकला, काढला, पुन्हा टाकला. बाहुली हलली नाही. बेताचीच राहिली, फार मोठी नाही, फार बारीक नाही. पापणी वर करायला मी बोट लावलं, तर ती गार होती. पाण्यातून काढलेल्या बशीसारखी.

"डोळा दुखतो का?"

"दुखत काहीच नाही. तेच तर. तिथे काही आहे असंच वाटत नाही."

डॉक्टरीणबाईंनी यावेळी थट्टा केली नाही. डोळ्यातलं भिंग निर्मळ, पडदा चांगला, नस चांगली, आणि तरीही तक्त्यावरची अक्षरं एकेक ओळ करून जात होती. "इतका सुंदर डोळा या वयात मी पाहिला नाही," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "आणि तो बघायचं थांबवतोय, काका. का ते मला कळत नाही. मी मोठ्या इस्पितळातल्या सरांना विचारते." त्यांचा चेहरा उतरला होता. मीच त्यांना धीर द्यायला हवा होता, पण मला कुठे ते जमतं.

घरी येताना ताईने माझा दंड धरला होता. जिन्यात मी थांबलो आणि भिंतीकडे बघत तिला सगळं सांगितलं. आठवणीतून रंगवलेलं बुबुळ, मनाने घातलेली शीर, तिचा पीळ, बेताची बाहुली.

मला वाटलं, ती हसेल. ती कठड्याला टेकून उभी राहिली.

"रफू करतंय," ती म्हणाली.

"कोण?"

"हे." तिने आपल्या छातीवर बोट ठेवलं. "भोक बुजवायचं म्हणजे मी काय करते? शेजारची वीण बघते. तिथे जसा धागा जातो तसा इथे घालते. यालाही तेच करायचं होतं. शेजारी नवं कोरं सापडलं, केलं त्याच्यासारखं. शहाणं आहे रे, पण आत अंधारात बसून काम करतं. शेजारचा डोळा रंगवलेला आहे हे त्याला कोण सांगणार?"

"आणि रंगवलेल्या डोळ्याला दिसत नाही."

"नाही दिसत," ताई म्हणाली. "म्हणून यालाही दिसून चालणार नाही." आणि मग, माझा दंड पुन्हा धरत, "अगदी मन लावून काम करतंय बिचारं."

घरात शिरताच तिने उजवा डोळा काढून माझ्या हातात दिला. मी तो टेबलाच्या खणात ठेवला, पालथा. उताणा ठेवायचा धीर झाला नाही.

डोळा नसला की पापणीला आधार राहत नाही. ती खोबणीत बसते आणि मिटते. ताईची उजवी पापणी तशीच मिटली. आम्ही वाट बघत राहिलो. डाव्या डोळ्याची ऊब थोडी परतल्यासारखी वाटली. विजेरीच्या उजेडाला बाहुली थरथरली, असं मला एकदा वाटलंही. मग एका सकाळी चहा ओतताना ताईची डावी पापणी अर्धी खाली आलेली दिसली. तिला झोप आली असेल म्हणून मी काही बोललो नाही. संध्याकाळपर्यंत ती आणखी खाली आली. पुढच्या दिवशी पापणी बोटाने उचलल्याशिवाय तिला काही दिसेना, आणि बोट काढलं की पापणी निमूट खाली यायची. पापणीचा फुगीरपणाही कमी झाला होता. आतला डोळा मागे सरत होता, शेजारच्या रिकाम्या खोबणीसारखा.

ताई तरीही काम घेऊन बसली. डाव्या हाताच्या बोटाने पापणी वर धरायची, दातात कापड, उजव्या हातात सुई. मला ते बघवेना.

"परत बसवू का तो?" मी विचारलं.

"म्हणजे मी सुंदर आंधळी होईन. नाही बसवला तर साधी आंधळी." तिने सुई कापडात खोवून ठेवली. "घुम्या, मला अंधाराची भीती वाटते रे. लहानपणापासून. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. लहानपणी दिवा मालवला की ती हात लांब करून माझी बाही धरायची.

मग ती बोटांनी मांडीवरचा कोट चाचपत म्हणाली, "शेजारची वीणच विरलेली असली तर मी काय करते, सांग."

"काय करतेस?"

"त्याच ताग्यातलं दुसरं कापड शोधते. त्याच कोटाची पँट असते, नाहीतर उरलेला तुकडा. त्यावरून वीण घेते." तिने चेहरा माझ्याकडे वळवला. "आपण एकाच ताग्यातले आहोत."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी खुर्ची मागे घेतली.

"माझे डोळे म्हातारे आहेत, ताई. जाड भिंगं लागतात. माझ्यावरून कुणी नमुना घ्यावा असं त्यात काही नाही."

"सुंदर डोळ्याची हौस फिटली माझी. मला दिसणारा हवाय. ये, बस समोर. चष्मा काढ. आणि ते भिंग घेऊ नकोस."

खिडकीशी, जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे ती बसली, आणि मी नेहमीच्या माझ्या जागेवर. गुडघ्याला गुडघा लागत होता. मी अंगठ्याने तिची पापणी वर धरली.

"माझ्या कानाकडे काय बघतोस?"

"नाही, डोळ्याकडेच."

"आता कपाळाकडे बघतोयस. मला दिसत नाही म्हणून फसवू नकोस, आवाजावरून कळतं. अरे, बहीण आहे मी तुझी, परीक्षा घेणारी बाई नाही."

मी बघितलं. सगळं आयुष्य मी दुसऱ्यांचे डोळे बघत आलो, पण मला बघणारा डोळा असा कधी बघितला नव्हता. चष्म्याशिवायही इतक्या जवळून तो स्वच्छ दिसत होता, माझ्याच हाताने रंगवल्यासारखा, पिळाच्या शिरेसकट. सुरुवातीला तो माझ्याकडे बघत नव्हताच. माझ्या दिशेला होता, इतकंच. मला कुणी नसलेल्या खोलीत बसल्यासारखं वाटलं आणि उठून जावंसं वाटलं. ताईने माझी बाही धरली.

आम्ही रोज बसायला लागलो. सकाळी आणि उतरत्या दुपारी, उजेड मऊ असेल तेव्हा. गिऱ्हाइकांना मी नंतर यायला सांगायचो. अंगठा भरून यायचा. ताई बोलत राहायची, जुन्या गोष्टी, कुणाची उणीदुणी, म्हणजे मी अवघडू नये. आणि मी उत्तरं देता देता टेबलाकडे बघायला विसरायला लागलो.

एका दुपारी सूर्यावर ढग आला आणि खोली अंधारली. माझ्या बाहुल्या मोठ्या झाल्या असणार, कुणाच्याही होतात. समोरच्या डोळ्यातली बाहुली माझ्यासमोर उमलली. सावकाश, पाण्यात तेलाचा थेंब पसरावा तशी. ढग गेला. ती आवळली. मग आत मागे सरलेलं काहीतरी पुढे आलं आणि ताईने माझ्याकडे बघितलं.

"दाढी नीट कर," ती म्हणाली. "गालावर राहिलीय."

मी अंगठा काढला. पापणी वरच राहिली.

आमचं बसणं सुरूच राहिलं. बुबुळाचा मध त्यानंतर गडद होत गेला, माझ्या बुबुळासारखा काळपट. कडेला करडं वळं आलं. ते माझंही आहे. साय मात्र आली नाही. मला मोतीबिंदू नाही. ताईला लांबचं धूसर दिसायला लागलं तेव्हा मी माझा जुना चष्मा तिच्या नाकावर ठेवला, आणि तो तिला चपखल लागला. डॉक्टरीणबाईंनी नंबर काढला आणि माझं जुनं कार्ड काढून शेजारी धरलं. "मावशींना दिसतंय ना?" एवढंच म्हणाल्या. "मग आज मी आणखी काही विचारत नाही."

ताई पुन्हा कामाला लागली. गुणगुणणंही सुरू झालं. मी माझ्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो, तेव्हा ते मध्येच थांबलं.

"घुम्या, इकडे ये."

ती कोट मांडीवर घेऊन बसली होती. सुई हवेत.

"नजरेत हा काळा ठिपका कसला आहे? खाली, नाकाच्या बाजूला. पुढचा टाका खातो."

मी दारातच उभा राहिलो.

"वाचताना ओळीतला पुढचा शब्द खात असेल," ती म्हणाली. "म्हणून तू पुस्तक असं तिरकं धरतोस. मी म्हणत होते, हा मान वाकडी करून का वाचतो. कधीपासून आहे?"

"झाली काही वर्षं."

"आणि वाढतोय?"

"थोडा."

"डॉक्टरीणबाईंना दाखवलास?"

मी टेबलाकडे बघायला गेलो; पण ते टेबल माझ्या खोलीत होतं, इथे नुसती भिंत होती. "त्यांना कशाला त्रास," मी म्हणालो.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आता तो तुझा एकट्याचा राहिला नाही," ती म्हणाली. "तुझा वाढला की माझा वाढणार. मला एकच आहे. कळतंय ना? उद्या सकाळी जायचं. तू आधी खुर्चीत बसायचं, हनुवटी ठेवून, आणि तोंड उघडून सांगायचं. मी शेजारी उभी असेन."

सकाळी मी मन लावून दाढी केली, गालावर काही राहू नये म्हणून. चष्मा काढून ठेवल्याने आरशाच्या अगदी जवळ गेलो होतो. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात, नाकाकडे, एक शीर होती. टोकाला बेचकी. मी भिंग आणलं. हात पुसला, भिंग पुसलं, आरसा पुसला.

शिरेला पीळ होता.

मागे दारात ताई चप्पल घालून उभी होती. माझा जुना चष्मा तिच्या नाकावर, उजव्या पापणीवर पांढरी पट्टी.

"दिसली का?" तिने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"परवा बसलो होतो तेव्हाच बघितली. म्हटलं, उगीच घाबरशील." तिने माझी बाही धरली. "चल. उशीर होईल."

आम्ही जिना उतरलो. खाली दार उघडलं तेव्हा रस्त्यावर कडक ऊन पडलेलं होतं. ते अंगावर आलं आणि आम्ही दोघांनी डोळे बारीक केले. आधी कुणी केले आणि कुणाचं बघून कुणी, ते मला सांगता येत नाही.